ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल

एप्रिल १९८७. मिरजोळ्यातली माझी भाड्याची खोली, भर दुपार, आणि दारात दिलीप! आदल्या दिवशीच बोटीवरून सुट्टीवर आलेला... जेवून उठला तो तडक माझ्याकडे.

दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र, मालवाहू बोटीवर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा. त्याने पिशवीतून हातात मावेल एवढा हिरवा डबा काढला. ओव्हरड्राइव्ह पेडल, गिटारच्या वायरीत मध्ये जोडायचं! तोवर मी ते फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलेलं.

योकोहामाच्या बंदराजवळ एका बारमध्ये त्याने एक गिटारवाला ऐकला होता. "तो पायाने हे दाबायचा रे... आणि आवाज असा उसळून पुढे यायचा! पण घाण नाही हां. एकेक तार सुटी ऐकू यायची." दुसऱ्या दिवशी दुकानं पालथी घालून त्याने तसाच डबा विकत घेतला. त्याला गिटार येत नव्हती. त्याला फक्त तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचा होता, माझ्या हातून.

मी तेव्हा एमआयडीसीत वायरमन होतो. गिटार कुणाकडे शिकलो नाही, जे आलं ते कानाने आलं... हे मी आजही ताठ मानेने सांगतो. स्पीकरची पेटी फणसाच्या फळ्यांची, स्वतः रंधा मारून केलेली. अ‍ॅम्प मात्र मंडपवाल्या बापूंचा. जुना, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा. लग्नकार्य नसेल तेव्हा माझ्याकडेच असायचा.

त्या अ‍ॅम्पचा आवाज अर्ध्याच्या वर नेला की फाटायचा. बापूंना त्याची लाज वाटायची, आणि मला नेमकं तेच हवं असायचं. ज्याला आज सगळे डिस्टॉर्शन म्हणतात ते!

पेडलवर तीन नॉब. ड्राइव्ह आवाज फाडायला, टोन धार बदलायला, लेव्हल जोर वाढवायला. माझा हिशोब सरळ... डबा आवाज फाडण्यासाठी आहे, मग ड्राइव्ह फुल्ल, लेव्हल फुल्ल! जाडी तार छेडली आणि नुसता चिखल. वर कान फाडणारी शिट्टी.

"मेल्या, हा आवाज मी रोज इंजिनरूममध्ये ऐकतो," दिलीप म्हणाला. "त्याच्यासाठी गिटार कशाला हवी?"

हसलो दोघेही. पण त्याची अख्खी सुट्टी संपली आणि तो आवाज काही आला नाही. निघताना पेडल माझ्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, "पुढच्या सुट्टीला ऐकव. विसरू नको हां."

तो गेल्यावर पावसाळ्यात कधीतरी... अ‍ॅम्पमध्ये खरखर येत होती. ती डब्याची आहे का, हे तपासायला मी ड्राइव्ह पार शून्यावर नेला. लेव्हल फुल्लच राहिली होती. सहज तार छेडली...

काय सांगू! खालचा घुमारा गेला. आवाज छातीवर येऊन आदळला, आणि तरी त्यात एकेक तार सुटी. मी कितीतरी वेळ एकच सूर वाजवत बसलो.

मग डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅम्प आधीच फाटलेला, त्यात डब्यानेही फाडलं तर चिखल होणारच. डब्याने खालचा घुमारा थोडा कापायचा, मधला आवाज पुढे काढायचा आणि जोरात ढकलायचं, बस. फाडायचं काम व्हॉल्व्हवर सोपवायचं. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं!

कॅसेटवर भरून पाहिलं. टेपरेकॉर्डरच्या माइकने त्या आवाजाचा पार भुगा केला. पत्रात तर आवाज लिहिता येत नाही. म्हटलं, थांबू... येईलच की तो.

पुढच्या वर्षी आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात झाली आणि दिलीप येणार असा निरोप आला. त्याच आठवड्यात बापू अ‍ॅम्प खांद्यावर घेऊन स्वतः माझ्या खोलीवर आले. घामाघूम... आणि चेहऱ्यावर कोण आनंद!

"लाव बघू. मेकॅनिककडून सगळे व्हॉल्व्ह बदलून आणले, कंडेन्सर पण. पूजेला भटजींचे मंत्र फाटायचे रे, लोक हसायचे. आणि तुझी गिटार पण तशीच फाटायची... किती सोसलंस बाबा!"

लावला. पार वर नेला तरी घंटेसारखा स्वच्छ आवाज. पेडलचा ड्राइव्ह वाढवला तर डब्यात कोंडलेला भुंगा. बापू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "झकास झालाय, बापू." दुसरं काय म्हणणार?

दिलीप आला तेव्हा त्याला घेऊन आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या सावलीत बसून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तोंडाने करून दाखव."

मी, ज्याला पाव सूर इकडचा तिकडे खपत नाही तो, वाळूत बसून तोंडाने गिटार वाजवायला लागलो! दिलीपने डोळे मिटलेले.

"थांब. खालचा घुमारा नव्हता ना?"

"नव्हता."

"आणि तारा सुट्या?"

"एकेक सुटी."

"मग तोच रे..." म्हणाला, आणि डोळे न उघडता बसून राहिला. "पुन्हा एकदा कर."

पुढे तो विशाखापट्टणमला गेला, तिकडचाच झाला. गाठीभेटी सुटल्या. आज माझ्याकडे चांगले अ‍ॅम्प आहेत, पेडल अजून चालतं, सेटिंग तेच आहे. वाजवतो, आणि आवाज बरोबर लागला की उगाच थांबतो... कुणीतरी हो म्हणेल म्हणून.

योकोहामाचा आवाज फक्त त्याने ऐकला होता, मिरजोळ्याचा फक्त मी. दोन्ही एकच होते का, हे सांगू शकणारं जगात कुणीही नाही. मी स्क्रूसुद्धा मोजून पिळणारा माणूस... पण दिलीपचं ते 'तोच रे' मी पडताळून न बघता मानलंय. त्या दोन शब्दांचे उपकार आहेत माझ्यावर.