सोडियमच्या दिव्याचा चोक आणि आबांचं मशिन

मला किळस फार लवकर येते. दुधाच्या पातेल्याची चिकट कड, फणीत अडकलेला दुसऱ्याच्या केसांचा गुंता, ओल्या फडक्याचा वास, कशानेही येते. माहेरी सगळे म्हणायचे, हिला राजवाड्यातच द्यायला पाहिजे. दिली बोरी बुद्रुकला, आणि माझ्या वाट्याला आला रस्त्यावरच्या दिव्याचा जुना चोक.

घरामागच्या खोलीत मी ढोबळी मिरचीची आणि टोमॅटोची रोपं तयार करते. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं, एकेका खणात एकेक बी टाकायचं, रोप हाताएवढं झालं की गावातले लोक येऊन ट्रे उचलतात. थंडीत मात्र रोपं वाढायचं नावच घेत नाहीत. म्हणून नवऱ्याने नारायणगावच्या भंगारवाल्याकडून सोडियमचा मोठा दिवा आणला, खांबावर असतो तसला, पिवळाजर्द. त्या दिव्याला चोक लागतो. विटेएवढी लोखंडी पेटी, आत तारेचं वेटोळं आणि डांबर. दिवा लागला की चोक घोंघावायला लागतो आणि तव्यासारखा तापतो. रोपं खूश झाली. माझं डोकं उठलं.

त्याच सुमारास आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून ते तळेघरजवळच्या आमच्या वाडीत एकटेच होते. मला भाऊ नाही. तिकडे कुठे बांधावरून घसरून पडले तर कळणार कुणाला, कळलं तरी गाडी मिळणार कधी? त्यांनी आता कायम माझ्याकडेच राहावं एवढंच माझ्या मनात होतं. आणि लेकीच्या घरी राहायचं म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. पहिले चार दिवस जेवताना ‘बास’ याशिवाय शब्द बोलले नाहीत.

त्यांना ऐकायला कमी येतं. कुठल्याशा शिबिरात मिळालेलं मशिन ते कानामागे लावतात. चार दिवसांनी ते साफ करायचं काम मी अंगावर घेतलं आणि पहिल्याच दिवशी पस्तावले. कानात जाणाऱ्या त्या बोंडाला पिवळा मेणचट मळ. शी! दोन बोटांत लांब धरून, तोंड फिरवून मी ते फडक्याने खसाखसा पुसलं आणि साबणाने दोनदा हात धुतले. आबा ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरी, तुझ्या घरात भुंगा हाय.”

“भुंगा न्हाई आबा, चोक हाय. करते काहीतरी.”

केलं की. किती केलं! चोक पत्र्याच्या मांडणीला ठोकलेला होता, त्यामुळे सगळी मांडणी त्याच्याबरोबर थरथरायची आणि वर ठेवलेले डबे थंडीत दात वाजावेत तसे वाजायचे. तो तिथून काढून, ज्या भिंतीपलीकडे आबांची खोली होती तिला टेकवून खाली ठेवला. मोटरसायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे कापून त्याच्या बुडाखाली घातले. आवाज अर्धा झाला. मग मला शहाणपण सुचलं. चोक प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून वर जुनी गोधडी दाबून बसवली. एकदम चिडीचूप. मी स्वतःवर खूश होऊन स्वयंपाकाला लागले.

तासाभराने जो वास आला तो आठवला तरी अजून तोंडाची चव जाते. जळक्या चिंध्यांचा, डांबराचा, त्यात आणखी कसला तरी. दिवा बंद करून गोधडी उचलली तर आतलं डांबर वितळून तिच्या थरांत भिनलं होतं, आणि उबेला येऊन बसलेली एक पाल त्या काळ्या चिकट्यात पोटावर रुतून मेली होती. शेपूट तेवढी तुटून हलत होती. मी बाहेर पळत जाऊन ओकले. गोधडी काठीने उचलून उकिरड्यावर फेकली आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात शिरली. गप्प करायला गेलं की तापतो, गार करायला उघडा टाकला की बोंबलतो. मग नवऱ्याने दुसरा चोक आणला. मी त्याच भिंतीशी सिमेंटच्या फुटक्या पाइपाचा एक जाड तुकडा उभा केला. त्याच्या तळाशी विटा, विटांवर ट्यूबचं रबर, त्यावर चोक, पाइपाला कुठे न टेकता. खालून वारा शिरायला विटांमध्ये फट ठेवली आणि वरच्या तोंडाशी जुन्या कॉम्प्युटरमधला चिमुकला पंखा बसवला, गरम हवा वर ओढायला. दिवा लावला. दिवसभर लावून ठेवला. चोकवर तळहात टेकवला तर टेकवता येत होता. कान लावला तर काही नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून आबांना हाताला धरून आणलं.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “वाजतुया की. पयल्यावानीच वाजतुया.”

“कुठं वाजतोय? ऐका नीट!”

“लई वाजतुया, बाई.”

पुढे आठ दिवस हेच. मी बोलले की ते ‘आँ?’ म्हणायचे. खोलीत बसायचेच नाहीत. सकाळच्या गारठ्यात पार फाटकाजवळ चिंचेखाली घोंगडी पांघरून बसायचे, जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. येणारे जाणारे विचारत, पावणं बाहेर का बसल्यात? मला मेल्यासारखं व्हायचं. मी ठरवून टाकलं की यांना इथे राहायचं नाही आणि त्यासाठी ही निमित्तं चालली आहेत. शेवटी एका दुपारी माझा तोल गेला.

“आवाज चोकचा न्हाई, तुमच्या मनातला हाय! ऱ्हायचं नसंल तर सरळ सांगा, नाटकं कशाला करता?”

एवढं मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघून गेले. मशिन त्याच्या डबीत घालून खिडकीत ठेवून गेले.

ती डबी तशीच आठवडाभर पडून होती. मला ती बघवत नव्हती आणि उचलवतही नव्हती. एका सकाळी आबांची खोली झाडताना उचलली, उघडली. बोंडावर तोच पिवळा मळ. पुसायला फडकं आणायचं, ते न आणता मी तशीच खाटेवर बसले. या माणसाला काय ऐकू येत होतं ते एकदा बघू तरी, असं वाटलं. तोंड न फिरवता ते बोंड तसंच कानात दाबलं आणि मशिन चालू केलं.

भिंतीपलीकडे दिवा लागलेला होता. माझ्या कानात गिरणी सुरू झाली. घर्रर्र, घर्रर्र, डोक्याच्या आरपार. मशिन काढलं तर खोली शांत. घातलं की गिरणी. पळत जाऊन दिवा बंद केला, गिरणी थांबली. लावला, सुरू.

मशिन उन्हात धरून बघितलं. कडेला नखाएवढं बटण, त्याला तीन खुणा. मधल्या खुणेशी फोनचं चित्र. बटण तिथे अडकलं होतं. ते सरकवून मशिन पुन्हा कानात घातलं मात्र, घोंघावणं पार गेलं, आणि चुलीवरचा भात शिजतानाचा आवाज ऐकू आला. फोनच्या त्या खुणेवर मशिन बाहेरचा आवाज सोडून चोकच्या तारेतल्या विजेचा गुणगुणाटच परस्पर ओढून घेत होतं. त्याला पाइप, रबर, भिंत कसलीच आडकाठी नव्हती. आणि बटण सरकवलं असणार मीच, पहिल्या दिवशी, तोंड फिरवून खसाखसा पुसताना. इतकी किळस मला त्या पालीचीही आली नव्हती, जितकी त्या क्षणी स्वतःची आली.

तिसऱ्या प्रहरी वाडीवर पोचले. आबा अंगणात भाताचा पेंढा बांधत होते. मनात सगळं नीट जुळवून आणलं होतं, हळू आवाजात सांगायचं. पण कानात मशिन नसलेल्या माणसाची हळू आवाजात माफी मागता येत नाही.

“आबा, आवाज व्हता!”

“आँ?”

“चोक वाजत व्हता! तुमी खरं बोलत व्हता! चूक माझी हाय!”

शेजारची काकू पिठाच्या हातांनी बाहेर आली. “काय झालं गं? कोण गेलं?”

“कोण न्हाई गेलं!” मी तिच्यावरही ओरडले. “मशिनचं बटण मी बिघडवलं! म्या ते कानात घालून बघितलं, आबा!”

आबांनी पेंढी खाली ठेवली. माझ्या हातातली डबी घेतली, मशिन कानामागे बसवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “तू घातलंस? कानात?”

“हो.”

“पुसून?”

“न्हाई.”

त्यांनी खाली वाकून राहिलेली पेंढी आवळली. “सकाळी लवकर गाडी हाय,” म्हणाले. “च्या टाक. माझी पिशवी भराया लागंल.”