डोळे शार्प नाहीत

फोटोखाली पहिलाच शेरा आला, ‘डोळे शार्प नाहीत.’ लिहिणारे आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन, रोह्याचे. कंपनीतून रिटायर झाले, महागडा कॅमेरा घेतला आणि पेण-रोह्याच्या आम्हा हौशी मंडळींना शहाणं करायचा मक्ता घेतला. ग्रुपचा नियमही त्यांचाच: नुसतं ‘छान’ लिहायचं नाही, चूक दाखवायची.

फोटो माझ्या आईचा होता. पेणच्या एका गणपती कारखान्यात ती कित्येक वर्षं मूर्तींचे डोळे आखते. बाकी रंगकाम कुणीही करो, डोळे आखणारं माणूस ठरलेलं असतं. फोटोत ती ब्रश घेऊन मूर्तीच्या चेहऱ्यासमोर बसली आहे, श्वास रोखून. फोकस मी मुद्दाम ब्रशच्या टोकावर धरला होता, म्हणून तिचा चेहरा मागे जरा पुसट. आजवर काढलेला तो माझा सगळ्यात चांगला फोटो, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मग एकामागून एक सगळे सुटले. ‘डोळ्यांत जीव नाही.’ ‘मेहनत घ्या, ताई.’ धरमतरच्या खाडीवर एका बगळ्यामागे अख्खी सकाळ घालवणारी ही माणसं मला मेहनत शिकवणार! अंगाचा तिळपापड झाला. तशी मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. रामवाडीला राहणाऱ्या एका मास्तरांच्या फोटोखाली मीच एकदा लिहिलं होतं, ‘क्षितिज वाकडं आहे, डोकं ठिकाणावर ठेवून काढत जा.’ सगळे हसले. मास्तरांनी त्यानंतर एकही फोटो टाकला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी गप्पही बसले असते. पण दुपारी अ‍ॅडमिननी माझाच फोटो परत टाकला. कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घालून त्यांनी आईला नवे डोळे बसवले होते. काळेभोर, चकचकीत, दोन्ही अगदी सारखे. खाली लिहिलं होतं, ‘आता बघा.’ त्यावर टाळ्याच टाळ्या.

माझ्या आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन गणपतीनंतर करायचं होतं, आधी हंगाम. उजव्या डोळ्यानं ती अजून केसाएवढी रेघ ओढते. मोतीबिंदूची गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक होती. आणि मी रोह्याहून शिफ्ट संपवून परत येताना, कंपनीच्या बसमध्ये बसून ग्रुपवर लिहिलं, ‘अहो शहाणे, तिला एका डोळ्यानं दिसत नाही! मोतीबिंदू आहे. खोटे डोळे लावायला ती काय बाहुली वाटली तुम्हाला?’

ग्रुप चिडीचूप झाला. पेण येईपर्यंत मी त्या शांततेवर खूश होते. जिरवली म्हटलं एकेकाची. त्याच ग्रुपमध्ये आईच्या कारखान्याचे शेठही आहेत, हे रागाच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दुपारीच घरी आली. शेठ वाईट काही बोलले नव्हते. ‘यंदा मुकुट रंगवा, डोळ्यांना जरा आराम द्या,’ एवढंच म्हणाले. तिच्या जागेवर दुसरी बाई डोळे आखायला बसली होती.

अ‍ॅडमिनचं नाव निघालं तरी माझं डोकं अजून फिरतं. पण आईचं काम त्यांनी घालवलं नाही, मी घालवलं.

‘माझा डोळा येशीला टांगलास गो,’ आई म्हणाली. ‘तुला कुणी सांगितलं व्हतं?’

मी त्या अ‍ॅपच्या खोटेपणाबद्दल तावातावानं सांगू लागले. तिनं हात वर करून मला थांबवलं. ‘दाखव.’

मोबाइल उजव्या डोळ्याशी धरून तिनं आधी मी काढलेला फोटो पाहिला. ‘हात बरा आलाय,’ म्हणाली. मग अ‍ॅडमिननी केलेला पाहिला, आणि तो बराच वेळ पाहत राहिली.

‘शेठला हा पाठव,’ ती म्हणाली. ‘हिला दिसतंय. हिला काम देतील.’