धुक्यातला किरकोळ बदल

सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका खाण कचेरीत नकाशे काढत असे. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरची बॉक्साइटची खाण वाढवायला परवानगी मिळाली, तेव्हा खाणीतून निघणाऱ्या मातीचा नकाशातला ढीग नेमका धनगरवाड्याच्या झऱ्यावर आला होता. वाड्याचं पिण्याचं पाणी तेवढंच. ढीग जरा बाजूला सरकवायचा होता. पण त्याला ‘बदल’ म्हटलं, तर सगळी परवानगी पुन्हा मुंबईला जाणार आणि तोवर माती मंजूर जागीच पडणार. ‘किरकोळ बदल’ ठरला, तर जिल्ह्याच्या साहेबांची जागेवरची सही पुरे होती.

पायथ्याच्या गावकऱ्यांनी घातलेला हार तसाच गळ्यात ठेवून साहेब जीपमधून उतरले. सड्यावर इतकं धुकं होतं, की म्हशींच्या घंटा ऐकू येत, म्हशी दिसत नसत. त्या पांढऱ्या पोकळीत आम्ही नकाशा धरून तरंगत असल्यासारखे उभे होतो. साहेबांनी गंभीरपणे चारी दिशांची पाहणी केली. कुठल्याच दिशेला काही नव्हतं.

“हा बदल किरकोळ कसा?” त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात वाड्यावरची एक म्हातारी धुक्यातून तांब्या घेऊन आली. “पावणं, पाणी प्या की.”

साहेब घटाघट प्याले. “गोड आहे. कुठलं?”

“तुमचा ढीग येणार हाय न्हवं, तितलंच.”

साहेबांनी एकदा तांब्यात पाहिलं आणि तो म्हातारीच्या हाती परत दिला. मग जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून त्यांनी सही केली. ओल्या कागदावर शाई पसरत गेली आणि सही ढिगापेक्षा मोठी झाली.