नरहरी, कारी आणि ढिली दोरी

नरहरी देवतळे आमच्या कचेरीत दप्तरी होता, फायली सांभाळायचा. मी तिथेच बाबू होतो. नवं राज्य झालं त्या वर्षी भोपाळहून ट्रक भरभरून फायली रायपूरला आल्या आणि एका गळक्या हॉलमध्ये उतरवल्या गेल्या. त्या विभागवार लावायला साहेबांनी सहा माणसं दिली होती. पंधरा दिवसांत त्यातली पाच या ना त्या कारणाने निघून गेली. नरहरी राहिला. उरलेले अडीच महिने तो एकटा फायली उचलत होता, झटकत होता, बांधत होता. गुडघे तेव्हाच गेले. काम संपल्यावर त्याला कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांची घंटी वाजली आणि तो चहा घेऊन आत गेला.

त्याच्याविषयी लिहावं असं फारसं काही घडलेलं नाही. एका गोष्टीसाठी मात्र त्याने हट्ट धरलेला मी पाहिला. तेवढंच मला सांगता येईल.

निवृत्तीनंतर आम्ही दोघंही तेलीबांध्याला एकाच गल्लीत राहायला आलो. त्याची बायको गोदू आजारी असताना एक काळी कुत्री त्यांच्या आंगणात येऊन बसायला लागली. दूधवाला त्याच्या बोलीत तिला कारी, म्हणजे काळी, म्हणायचा, तेच नाव पडलं. गोदू गेली, कारी राहिली. मुलगा चारुदत्त विशाखापट्टणमला नोकरीला होता. तो फोनवर हिंदीत बोलायचा, बाप मराठीत, आणि दोघांचं बरं चालायचं.

कारीला दोरी लावून नरहरी रोज सकाळी तळ्यापर्यंत जायचा. खरं म्हणजे कारी जायची आणि तो तिच्यामागे ओढला जायचा. ऑगस्टमध्ये दुधाच्या डेअरीजवळ तिला बकऱ्या दिसल्या. तिने झेप घेतली आणि नरहरी रस्त्यावर आपटला. डावं मनगट मोडलं.

चारुदत्त दोन दिवसांची सुट्टी काढून आला. प्लास्टर बघून म्हणाला, "बाबा, बस हो गया. अभनपुर में मेरे दोस्त का खेत है. दिवाली में आऊँगा तो इसे वहाँ छोड़ देंगे."

"बांधून ठेवतीन तिले."

"तो यहाँ क्या कर रही है? आपको गिरा ही तो रही है."

मुलगा गेल्यावर नरहरी मला म्हणाला, "बाबू, घरात आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकू आला पाहिजे. हे पोट्ट्याले कसं सांगू?"

दिवाळीला दोन महिने होते. तोपर्यंत कारी ओढायची थांबली तर ती राहणार, नाहीतर जाणार. एवढं त्याला कळलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जनावरांचा दवाखाना आहे. तिथे सुनीती नावाची मुलगी काम करायची, सुया-पट्ट्या करायची. तिला कुत्र्यांची फार समज. नरहरी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तिच्याकडे गेला. तिने खणातून आगपेटीपेक्षा लहान एक प्लास्टिकची डबी काढली. आत पत्र्याची पट्टी होती, दाबली की टक् वाजायची.

"याला क्लिकर म्हणतात, काका. घेऊन जा. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. संध्याकाळी येते मी."

ती यायच्या आतच नरहरीने काम सुरू केलं होतं. मी पोचलो तेव्हा तो खुर्चीवर बसून डबी दाबत होता, टक् टक् टक्, आणि कारी कोपऱ्यात पाय चाटत होती.

"येऊनच नाई राहिली," तो म्हणाला. "बहिरी तं नाई?"

मागून सुनीती आली आणि हसायला लागली. "काका, ही साहेबांची घंटी नाही. वाजवली की धावत यायचं, असं नाही हे."

"मंग?"

"तिने काही बरोबर केलं ना, की त्याच क्षणी टक्. म्हणजे 'हो, हेच'. आणि टक् झालं की पनीर द्यायचंच. प्रत्येक वेळी. चुकून वाजलं तरी द्यायचं."

नरहरीने डबी उलटसुलट करून पाहिली. छत्तीस वर्षं त्याने घंटी ऐकली होती. घंटी म्हणजे बोलावणं, आणि बहुतेक वेळा कोणीतरी चिडलेलं असणं. "हो, हेच" असं सांगणारं काही वाजू शकतं, हे त्याला पटायला वेळ लागला.

पहिल्या दिवशी कारीकडून काहीच करून घ्यायचं नव्हतं. टक्, पनीर. टक्, पनीर. दहा वेळा, मग सुट्टी. डबी तिच्या कानाशी न्यायची नाही, पाठीमागे धरायची. तोंडाने बडबड करायची नाही. हे शेवटचं नरहरीला सगळ्यांत जड गेलं, कारण गोदू गेल्यापासून तो कारीशीच बोलायचा.

तीन दिवसांनी टक् झालं की कारी मान वळवून पनीर शोधायला लागली. सुनीती म्हणाली, आता तिला आवाज कळला. मग तिने नरहरीकडे पाहिलं की टक्. शेजारी येऊन उभी राहिली की टक्. दोरी नाही, आंगणातच. सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं. एवढ्यानेही तो दमायचा. वाकून पनीर देताना गुडघे कुरकुरायचे आणि उठताना तो भिंतीला धरायचा.

बाराव्या दिवशी गाडी अडली. टक् झालं तरी कारी बघेना. जांभई द्यायची आणि तोंड फिरवायची. नरहरीने पनीर बदललं, वेळ बदलली. काही नाही. आठवडा गेला.

"मीच ढ हाये," तो मला म्हणाला. "तिची चूक नाई. मले सायबांनी कधी काही शिकवलं नाई, काहून ते आत्ता समजलं."

"अरे, असं नको बोलू," मी म्हणालो.

मी सुनीतीला निरोप दिला. ती संध्याकाळी आली, आंगणात बसली. मी रोजच्यासारखा सुपारीला आलो होतो. नरहरीने पानाचा डबा पुढे ओढला, अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला लागला. कट्. कट्. कट्. आम्ही बोलत होतो. सुनीती मात्र कारीकडे बघत होती. पहिल्या कट्ला कारीने डोकं उचललं. दुसऱ्याला नुसता कान हलवला. तिसऱ्याला डोळे मिटले.

"काका, हे रोज करता?"

"सुपारी? हव. वीस-पंचवीस वर्षं झाली."

"दिवसातून किती वेळा?"

नरहरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी दोनदा येतो. तो एकटा असला तरी खातो."

सुनीतीने डबी घेतली आणि दाबली. टक्. मग अडकित्ता घेऊन रिकामाच मिटला. कट्. डोळे मिटून ऐकलं तर मलाही फरक सांगता आला नसता.

"दहा वेळा पनीर मिळतं आणि पन्नास वेळा काहीच नाही," ती म्हणाली. "तिने काय समजायचं?"

नरहरी हळूच म्हणाला, "म्हणजे मी रोज तिच्याशी खोटं बोलून राहिलो होतो."

"खोटं नाही हो काका, सुपारी कातरत होता."

"तिच्यासाठी एकच."

त्या दिवसापासून त्याने कातरलेली सुपारी दुकानातून आणायला सुरुवात केली. ती चांगली नसायची, वास यायचा. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "तं खाऊ नको." आणि कारीला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं. टक्, पनीर. दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झाला होता. आता दोरी आली. नियम साधा होता. दोरी ढिली असेल तर चालायचं, पावलापावलाला टक् आणि पनीर. दोरी ताणली गेली की जागच्या जागी उभं राहायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. ती स्वतःहून वळून दोरी ढिली करेपर्यंत झाडासारखं उभं राहायचं, आणि केली की टक्.

गल्लीतले लोक विचारायचे, "क्या भैया, बस का इंतज़ार कर रहे हो?" पानवाला दयाराम तर रोज म्हणायचा, "आज कितना किलोमीटर हुआ?" नरहरी मान हलवायचा आणि उभा राहायचा. कधी कधी मला वाटायचं, तो कारीची वाट बघत नाही, दम घेतो आहे. दसऱ्याला ते कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत पोचले. नंतर डेअरीपर्यंत. बकऱ्या असल्या तर तो लांबूनच परत फिरायचा.

चारुदत्त लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. कारीला शिकवणं चाललंय हे त्याला फोनवर कळलं होतं. भाऊबीजेनंतरच्या सकाळी म्हणाला, "चलो, दिखाओ." आम्ही तिघं निघालो. रस्त्यात फटाक्यांचे कागद पडले होते. कारी दोनदा ताणली, दोनदा नरहरी थांबला. चारुदत्त घड्याळ बघत होता.

डेअरीजवळ बकऱ्या होत्याच. सात-आठ, रस्त्याच्या मध्यभागी. नरहरीला परत फिरता आलं असतं. तो फिरला नाही. कारीचं अंग ताठ झालं, ती पुढे सरकली आणि दोरी तारेसारखी ताणली गेली. चारुदत्तने हात पुढे केला.

"हात नको लावू," नरहरी म्हणाला.

तो दोन पाय फाकवून उभा राहिला. एक बकरी ओरडली. कारी दोरीच्या टोकाशी कण्हत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला फार वाटला. मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे आली.

टक्.

तळ्यावर पोचायला पाऊण तास लागला. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. नरहरी बाकावर बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"रोज़ इतना टाइम?" चारुदत्तने विचारलं.

"मले कुठं जायचं हाये?"

"और फिर गिर गए तो?"

"तिच्यानं नाई पडलो तं न्हाणीत पडीन. न्हाणी पण अभनपुरले पाठवतो का?"

चारुदत्तला हसू आलं, ते त्याने दाबलं. थोडं बाजूला जाऊन त्याने त्या शेतवाल्या मित्राला फोन लावला. "हाँ भैया, अभी रहने दो. होली तक देखते हैं." परत येऊन तो बाकाशी उभा राहिला.

"होळीपर्यंत?" नरहरीने विचारलं.

"हव, होली तक."

नरहरीने मान हलवली. आनंद झाला असेल, पण चेहऱ्यावर दमणूकच होती. परत जायला पुन्हा पाऊण तास लागणार होता आणि तो उठत नव्हता. चारुदत्तने बापाकडे पाहिलं, मग दोरीकडे.

"लाओ, मुझे दो."

नरहरीने दोरी दिली. कारीने चारुदत्तला चार पावलं ओढत नेलं. तो ओरडणार होता.

"उभा राह्य," नरहरी बाकावरून म्हणाला. "ओढू नको. नुसता उभा राह्य."

"और वो डिब्बी?"

"ते उद्या. आधी उभं राहणं शीक."

चारुदत्त उभा राहिला. आम्ही दोघं बाकावर बसून वाट बघत राहिलो.