पुंजारामने दिलेलं समुद्रफूल

चंद्रभागाबाई समुद्रापासून लांब, घाटावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. ब्याऐंशी साली शाळेची सहल अलिबागला गेली, तेव्हा ओहोटीच्या खडकांवर त्यांनी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिले. शर्टाच्या बटणाएवढे, हिरवट, बोट लावलं की मिटणारे. तसला एक दगड डब्यातून घरी आला आणि खिडकीतल्या काचेच्या टाकीत त्याला जगवायचा बाईंना नादच लागला.

समुद्राचं पाणी आणायचा शेजारचा पुंजाराम. तो रेल्वेत होता. मुंबईची फेरी लागली की कॅन भरून आणायचा आणि दारातूनच सांगायचा, "ताई, तुमचा समुद्र आला." बाईंचं बघून त्यानंही घरी टाकी केली. बाई त्याला दर भाऊबिजेला ओवाळायच्या.

एका भाऊबिजेला त्यानं ओवाळणी म्हणून समुद्रफूल आणलं, फुलासारखा दिसणारा एक समुद्रजीव. वाटीएवढं, जांभळ्या टोकांच्या, सोंडेसारख्या लांब शुंडांचं.

"दुसऱ्यांना डसत नाही ना हे?" बाईंनी विचारलं.

"छे, गरीब आहे. मधोमध ठेवा, शोभून दिसेल."

बाईंनी मधोमध ठेवलं. ते हळूहळू सरकत दगडांपाशी गेलं. जवळचे प्रवाळ मिटले ते उघडेनात, मग पांढरे पडून गळायला लागले. बाईंना वाटलं, आपल्या हाताला साबण राहिला असेल. हवेचा पंप बदलून झाला. शेवटी भीत भीतच त्यांनी पुंजारामला विचारलं, "पाणी खराब जागेचं तर नसेल?"

"असेल, ताई. पुढच्या वेळी लांबून आणतो," तो म्हणाला.

रिकामे कॅन द्यायला बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो कामावर होता. त्याच्या टाकीत प्रवाळ भरभरून फुलले होते. मध्ये एक काच उभी होती आणि काचेपलीकडचा भाग रिकामा होता.

"ही काच कशाला?" बाईंनी त्याच्या बायकोला, भागीबाईला विचारलं.

"ते जांभळं होतं ना तिकडं. आमचे निम्मे मारले त्यानं, म्हणून काच घातली. पण जागा पुरेना, आणि यांना फेकवेना. तुम्हाला बोलले असतील ना?"

"हो, बोलले," बाई म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या.

संध्याकाळी पुंजाराम स्वतःच आला. "सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, ताई."

"घेतलं असतं. वेगळ्या बरणीत ठेवलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि पाणी खराब असेल म्हणालास, ते?"

पुंजारामनं चपला घातल्या आणि तो गेला.

बाईंनी समुद्रफूल मोठ्या बरणीत हलवलं. तिथं ते मजेत जगलं. पुंजाराम नंतरही कॅन दाराशी ठेवून जायचा, पण बाई ते परत पाठवायच्या. रविवारी स्वतः गाडीनं मुंबई गाठायच्या आणि दोन्ही हातांत पाणी वाहून आणायच्या.

उन्हाळ्यात, प्रवाळ मेलेल्या दगडाच्या कडेला एक प्रवाळ उघडला. सांगायला म्हणून बाई सवयीनं शेजारच्या दाराकडं निघाल्या. उंबऱ्यातच थांबल्या आणि मागं फिरल्या.