विहिरीची ओटी

दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला मुरुडजवळच्या आमच्या शेतातली विहीर आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. आटलेली विहीर खोल करायला देगलूरच्या पलीकडून एक तेलुगू जोडपं आपली माणसं घेऊन आलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बहुतेक विहिरी अशाच टोळ्यांनी खोल केल्या. रोज दुपारी सुरुंगाचा बार उडायचा, मग बायका टोपल्यांनी दगड उपसायच्या. एक दिवस धूर विरला आणि खालून ओरडा आला, पाणी लागलं! आई नारळ, खण, तांदूळ घेऊन विहिरीची ओटी भरायला खाली उतरली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या जोडप्यातल्या बाईचीच ओटी भरू लागली. काठावरून वडील ओरडले, "अगं, विहिरीची भरायची हाय!" आई म्हणाली, "पाणी हिनं काढलंय. आधी हिची." बाईनं पदरातले चिमूटभर तांदूळ पाण्यात सोडले. म्हणाली, "आमच्या गावची विहीर बी सुकली, अक्का. हे तिच्या नावानं." आठवड्याभरात ती माणसं पुढच्या गावाला गेली. विहीर अजून आटलेली नाही, शेजारची शेतंही तिच्यावर भिजतात, आणि गावात तिला माझ्या वडिलांची विहीर म्हणतात.