गोऱ्यांच्या दाराचे तिकीट

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी सांभाळून इतिहासाची विद्यार्थिनी झाले आणि वर्गाबरोबर अभ्याससहलीला जोहान्सबर्गला गेले. तिथल्या वर्णभेदाच्या संग्रहालयाला दोन दारे आहेत, एक गोऱ्यांचे, एक इतरांचे. हाती येईल ते तिकीट आपले दार ठरवते. मला गोऱ्यांचे मिळाले. लिहायला संकोच वाटतो, पण पहिली भावना सुटल्याची होती. जाळीपलीकडून वर्गातल्या मुली हसत हात हलवत होत्या. मी मान खाली घालून चालत राहिले आणि मला ग्वाल्हेरची माझी मैत्रीण आठवली.

सिटी सेंटरमधल्या कचेरीत आम्ही दोघी वीस वर्षे शेजारी बसतो. तिचे पूर्वज संस्थानच्या फौजेतले, माझ्या सासरचे दरबारातले. गौरी येतात त्या दिवशी ती दाना ओलीच्या बाजारातून फुले घेऊन जयेंद्रगंजला आमच्या घरी येते. दुसऱ्या दिवशी जेवायला सवाष्ण मात्र आम्ही ‘आपल्यातली’च शोधतो. यावर कोणी कधी बोलले नव्हते. मीही नाही.

परतल्यावर दोन दिवस शब्द जुळवून सासूबाईंना विचारले, “यंदा सवाष्ण म्हणून माझ्या मैत्रिणीला सांगू?”

त्या वाती वळत होत्या.

“इतक्या लांब जाऊन हे सुचलं होय? इथे दिसत नव्हतं?”

“दिसत होतं. तुम्हाला विचारायचं धाडस नव्हतं.”

“मी काय वाघीण आहे?” मग हलकेच म्हणाल्या, “सांग तिला. पुरण जरा जास्त घालू.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत मैत्रिणीला सांगितले, तर ती हसायलाच लागली.

“अगं, त्या दिवशी आमच्याकडेही गौरी जेवतात ना! हर साल. तुला माहीतच नाही?”

मला माहीत नव्हते. वीस वर्षे तिच्या हातची फुले घेतली, तिच्या घरचे काहीच विचारले नव्हते. माझे डोळे भरून आले.

“रडू नकोस बाई, सब देख रहे हैं. असं कर, संध्याकाळी तूच ये. सासूबाईंनाही आण. पण आमच्या गौरीला मटणाचा नैवेद्य असतो हं. सोच लो.”

घरी येऊन भीतभीतच निरोप दिला.

“मटण नको म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. “भाजीभाकरी चालेल. आणि रिक्षा त्यांच्या गल्लीत आत जाते का, ते विचारून ठेव. माझे गुडघे.”